महाराजा, सामान्य माणूस आणि चार तिकिटे

भारतातील विमानप्रवासाचा सामाजिक इतिहास लिहावयाचा झाल्यास सरकारी अहवालांची चळत उपसण्यापूर्वी दोन चित्रे शेजारी-शेजारी मांडून पाहावीत. पहिले १९४६ चे आहे. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत जन्माला घातलेला तो महाराजा: पिळदार मिशा, डोक्यावर पागोटे, कमरेत लवून केलेले स्वागत. विमानातील प्रवाशांना द्यावयाच्या टिपणवहीसाठी तो प्रथम काढला गेला आणि पाहता पाहता कंपनीचे बोधचिन्ह होऊन बसला. दुसरे चित्र आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चे. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलाच्या कडेने राहिलेले चार केस आणि मिटलेले तोंड. १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील आपल्या चौकटीतून तो देशाचा कारभार पाहत आला. २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कन या स्वस्त विमानकंपनीने त्यालाच आपले बोधचिन्ह केले. राजा गेला आणि रयत आली, असे या दोन चित्रांमधील अर्धशतकाचे वर्णन करण्याचा मोह कोणालाही होईल. मात्र रयत विमानात आली ती एकेकटी आली की सहकुटुंब, हा प्रश्न या चित्रांनी सुटत नाही. आणि खरी मेख तेथेच आहे.

महाराजाच्या चित्रातील विनोद सूक्ष्म होता. प्रत्यक्ष राजाने लवून ज्याचे स्वागत करावे, असा हा प्रवासी कोण? १ ऑगस्ट १९५३ पासून हवाई वाहतूक दोन सरकारी महामंडळांच्या हाती गेली. देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे आले. पुढील चार दशके या विमानांत मंत्री बसले, सचिव बसले, कंपन्यांचे संचालक बसले. म्हणजे मुख्यतः असा वर्ग बसला की ज्याचे तिकीट दुसरा कोणीतरी काढीत असे. पदरचे पैसे मोजून बायकामुलांसह सहलीस विमानाने जाणारा मध्यमवर्गीय गृहस्थ त्या काळी क्वचितच आढळे. त्याचा विमानाशी संबंध होता तो निरोपापुरता. परदेशी निघालेल्या भाच्याला किंवा पुतण्याला पोहोचवावयास सारे कुटुंब हार-नारळ घेऊन सांताक्रूझला जाई, आणि विमान दिसेनासे होईपर्यंत हात हलवून लोकलने घरी परते. तीही एक सहलच होती, आणि तिला तिकीट पडत नसे.

लक्ष्मण यांच्या माणसाने हे सारे पाहिले असणार. त्याचे कामच पाहण्याचे. मंत्र्यांची दालने, योजनांच्या बैठका, निवडणुकीची व्यासपीठे, खड्ड्यांनी भरलेले रस्ते, सगळीकडे तो हजर असे. पण कोठेही गिऱ्हाईक म्हणून नसे. तो साक्षीदार होता. कॅप्टन गोपीनाथ यांनी त्याला प्रथमच ग्राहकाच्या रांगेत उभे केले, ही त्या बोधचिन्हातील नवलाई होती. एअर डेक्कनने २००३ च्या ऑगस्टमध्ये लहान एटीआर विमानांनी हुबळी, मंगळूर अशा गावांपासून आरंभ केला. विमानात फुकट खाणे नाही, तिकिटाला कागदी दिमाख नाही, आणि विक्री इंटरनेटवर आणि पेट्रोल पंपांवरही. काही जागा तर एक रुपया मूळ भाड्याने विकल्या. हा वेडेपणा आहे, असे तेव्हा अनेक जाणत्यांनी म्हटले. वेडेपणा कंपनीला भोवलाही. २००७-०८ मध्ये ती किंगफिशरच्या पदरी गेली, नाव बदलले, २०११ मध्ये किंगफिशरने स्वस्त सेवाच बंद केली, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशर स्वतःच जमिनीवर आली. लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात निवर्तले, तोवर त्यांच्या माणसाला घेऊन उडणारी कंपनी उरली नव्हती.

तिने पाडलेली वाट मात्र राहिली. २००३ च्या सुमारास देशांतर्गत विमानप्रवाशांची वार्षिक संख्या दीड कोटीच्या आसपास होती. २०२४ मध्ये ती १६ कोटी १३ लाखांवर गेली. एका पिढीत दहापट. हा आकडा सरकारी भाषणांत वारंवार येतो आणि त्याचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. तथापि ही संख्या माणसांची नव्हे, फेऱ्यांची आहे. महिन्यातून चार वेळा मुंबई-दिल्ली करणारा कंपनीचा अधिकारी वर्षाअखेर एकटाच शंभराच्या जवळ जातो. याच देशात रेल्वेने २०२३-२४ मध्ये साडेसहाशे कोटींहून अधिक प्रवास झाले. तेव्हा ‘सामान्य माणूस आता विमानाने जातो’ हे विधान खरे आहे, पण ते कोणत्या सामान्य माणसाविषयी, किती वेळा आणि किती जणांसह, हे विचारल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

आता भाड्याकडे वळू. विमानाची खुर्ची हा भाजीसारखाच नाशवंत माल आहे. विमान धावपट्टी सोडून उठले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. मग भाजीवाला जे करतो ते विमानकंपनी का करीत नाही? मंडईत दिवेलागणीला मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते. विमानाचे भाडे मात्र उड्डाण जवळ येईल तसे चढते. कारण साधे आहे. मंडईत उशिरा येणारा गरजू असला तरी शेजारच्या गाळ्यावर जाऊ शकतो. विमानाकडे उशिरा येणारा बहुधा असा असतो की ज्याला त्याच दिवशी जाणे भागच आहे. अशा माणसाची मागणी लवचीक नसते, असे अर्थशास्त्र सांगते, आणि ज्याची मागणी लवचीक नाही त्याला जास्त किंमत लावता येते. एकाच मालाला गिऱ्हाईकपरत्वे वेगळी किंमत लावण्याची ही पद्धत, मूल्यविभेद, पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षांहून जुनी आहे. संगणकाने तिला क्षणाक्षणाला भाव बदलण्याचे सामर्थ्य दिले, एवढेच नवे.

या पद्धतीचे समर्थन खोटे नाही. उशिरा येणाऱ्या व्यापारी प्रवाशाकडून चढे भाडे घ्यावे, त्यातून लवकर आरक्षण करणाऱ्या पदरमोडीच्या प्रवाशाला स्वस्त तिकीट द्यावे, आणि विमान भरून न्यावे. व्यापाऱ्याचे भाडे कंपनी भरते, वर त्यावरील वस्तू व सेवा कराची वजावटही तिला मिळते. तेव्हा त्याला झळ बसत नाही. गोपीनाथांचे एक रुपयाचे तिकीट याच न्यायाने शक्य झाले. ज्याचे तिकीट दुसरा काढतो आणि ज्याचे तिकीट तो स्वतःच काढतो, या दोघांना वेगळे ओळखणे हा या व्यवस्थेचा प्राण होय.

आणि कुटुंब विमानतळाकडे निघाले की तिची ही ओळखच चुकते. शाळेत जाणारी दोन मुले असलेल्या घराला प्रवासाचे दिवस निवडता येत नाहीत. परीक्षा संपल्यानंतरचा मे महिना, दिवाळीची सुटी, फार तर नाताळचा आठवडा. नवऱ्याची रजा, बायकोची रजा, मुलांची सुटी आणि गावाकडच्या लग्नाची तिथी या चार गोष्टी जेथे एकमेकींना छेदतात, तेवढे दोन-तीन दिवसच त्याच्या हाती असतात. म्हणजे याचीही मागणी लवचीक नाही. पण खिसा मात्र व्यापाऱ्याचा नाही. संगणक मागणी पाहतो, खिसा पाहत नाही. तो या गृहस्थाला कंपनीचा संचालक समजून भाव सांगतो. लवकर आरक्षण करावे हा सल्ला सर्वत्र दिला जातो. पण ज्याची रजा पंधरा दिवस आधी मंजूर होते त्याने चार महिने आधी तिकिटे काढावीत, हे सांगणे सोपे आहे. रजा नाकारली गेली तर रद्द करण्याचे शुल्क चार तिकिटांवर चार वेळा पडते.

याहून एक बारीक खोच आहे. विमानातील जागा दरांच्या लहान-लहान गटांत विभागून ठेवलेल्या असतात. समजा सर्वांत स्वस्त गटात तीनच जागा उरल्या आहेत आणि कुटुंब चौघांचे आहे. अनेक आरक्षण-पद्धती तीन जागा स्वस्त दराने आणि चौथी पुढच्या दराने अशी विभागणी करीत नाहीत. चारही जागा ज्या गटात एकत्र मिळतात त्या वरच्या गटाचा दर चौघांनाही लावतात. एकेकट्याने गेला असता तर तिघांना जे स्वस्त पडले असते, ते एकत्र जाण्याच्या इच्छेपायी महाग पडते. एरवी घाऊक घेणाऱ्याला सवलत मिळते. येथे चारांचा ढीग घेणाऱ्याला दंड होतो. लक्ष्मण यांचा माणूस यावर गप्पच राहिला असता. त्याची पत्नी मात्र त्याच्यासारखी अबोल नाही, आणि तिकिटांचा हिशेब तिच्या हाती गेला असता तर तिने काय सुनावले असते याची कल्पना करण्यास चित्राची गरज नाही.

हा दंड तेथेच संपत नाही. शेजारी-शेजारी बसावयाचे तर जागा निवडण्याचे पैसे वेगळे. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला असा आदेश काढावा लागला की एकाच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईवडिलांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी. सहा वर्षांच्या मुलीला आईजवळ बसू द्यावे, हे एखाद्या व्यवसायाला आदेशाने सांगावे लागते, यातच त्या व्यवसायाच्या हिशेबात कुटुंब नावाचे एकक नाही हे उघड होते. तेथे आहे ते एक माणूस, एक खुर्ची आणि पंधरा किलो सामान.

याउलट एसटीचे तिकीट पाहावे. राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे भाडे आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मी सवलत. समजा पंचाहत्तरी पार केलेले आजोबा, नवरा, बायको आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुले असे पाचजण पुण्याहून कोल्हापूरला निघाले. वाहकाच्या हिशेबात ती अडीच माणसे होतात. विमानकंपनीच्या हिशेबात ती पाच होतात, आणि गटाचा दर चढला तर सहांच्या किमतीची होतात. एसटीच्या सवलतींचा बोजा सरकारी तिजोरीवर पडतो आणि त्यावर टीका करण्यास जागा आहे, हे मान्य. पण प्रवास माणूस एकटा करीत नाही, घर करते, ही गोष्ट त्या लाल गाडीच्या दरपत्रकाला ठाऊक आहे. विमानालाही ती कधी ठाऊक होती. इंडियन एअरलाइन्सच्या काळात बारा वर्षांखालील मुलांना अर्धे भाडे असे. महाराजांच्या जमान्यात, जेव्हा मुलांना घेऊन जाणारेच थोडे होते, तेव्हा ही सवलत होती. आणि सामान्य माणूस बोधचिन्ह झाल्यानंतरच्या जमान्यात दोन वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाइतकेच भाडे पडते.

भाड्याला वरची मर्यादा असावी की नाही, हा यातील सर्वांत वादाचा भाग. रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांना चढते भाडे लावले तेव्हा मूळ भाड्याच्या दीडपट ही कमाल मर्यादा होती. पुढे तीही खाली आणण्यात आली. खासगी प्रवासी बसगाड्यांना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये एसटीच्या दीडपटीचे कुंपण घातले. (ते दिवाळीत किती ठिकाणी पाळले जाते हे पुण्या-मुंबईहून विदर्भाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारावे.) विमानाला एरवी असे कुंपण नाही. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारी संपल्यावर भाडे ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडे आले. १९३७ च्या विमान नियमांतील १३५ व्या नियमाने त्यांना सेवेचा खर्च, सेवेचे स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर यांचा विचार करण्यास सांगितले होते. वाजवी म्हणजे किती, हे सांगितले नव्हते. त्यामुळे सरकारचा हस्तक्षेप होतो तो संकटात, आणि बहुधा विनंतीच्या स्वरूपात. २०२५ च्या आरंभी कुंभमेळ्यासाठी प्रयागराजची भाडी कडाडली तेव्हा ती उतरविण्यास सांगावे लागले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये पर्यटकांवर हल्ला झाला. मृतांत महाराष्ट्रातील प्रवासीही होते. सहलीस गेलेली कुटुंबे श्रीनगरमध्ये अडकून पडली, राज्य शासनाला खास विमानांची व्यवस्था करावी लागली, आणि केंद्राने कंपन्यांना भाडी आटोक्यात ठेवण्यास बजावले. त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नवे नियम पेलताना देशातील सर्वांत मोठ्या कंपनीचे वेळापत्रक कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि उरलेल्या जागांचे भाव आकाशाला भिडले. तेव्हा ६ डिसेंबर रोजी सरकारने पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, पंधराशेपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० अशी तात्पुरती कमाल भाडी जाहीर केली.

कायमची कमाल मर्यादा मात्र शहाणपणाची ठरणार नाही. करोनाच्या काळात, मे २०२० ते ऑगस्ट २०२२, भाड्याला वरची आणि खालचीही सीमा होती. वरची प्रवाशासाठी असे म्हटले गेले. खालच्या सीमेने प्रवाशाला स्वस्त तिकीट मिळण्याची वाटही बंद केली, हे कमी बोलले गेले. भाव बांधला की माल दडतो, हा रेशनच्या काळातील अनुभव येथेही लागू आहे. फक्त येथे माल गोदामात न जाता किफायतशीर मार्गाकडे वळतो. खरा रोग स्पर्धेच्या अभावाचा आहे. २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी दहांतील सहांहून अधिक एकाच कंपनीकडे होते आणि दोन समूहांकडे मिळून दहांतील नऊ. जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. मंडईत दोनच गाळे उरले की दिवेलागणीलाही भाव उतरत नाही. विमानाच्या इंधनावर राज्याराज्यांचा वेगळा विक्रीकर आहे आणि ते वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई आणि पुण्यासाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, हे योग्य झाले. पण स्पर्धा नसेल तर करकपातीचा लाभ तिकिटापर्यंत झिरपेलच, याची हमी कोण देणार?

लहान गावांना विमानाने जोडण्याच्या ‘उडान’ योजनेचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण हवाई चप्पल घालणारा विमानात दिसावा ही तिची घोषणा म्हणजे लक्ष्मण यांच्या माणसाचीच सरकारी आवृत्ती होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये शिमला-दिल्ली मार्गाने तिचा आरंभ झाला. सुमारे तासाभराच्या उड्डाणात निम्म्या जागा २,५०० रुपयांत, आणि तूट भरून काढण्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर अधिभार. कल्पना चांगली होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने तिसऱ्या फेरीपर्यंतचा हिशेब मांडला तो असा: ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत ११२ मार्गांनी पुरी केली, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत तग धरली ५४ मार्गांनी. सोलापुरात विमानाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. नियमित विमान आले ते जून २०२५ मध्ये, गोव्याला जाणारे.

मग करावे काय? भाड्याला मर्यादा घालण्याऐवजी आधी भाडे दिसू द्यावे. कोणत्या मार्गावर गेल्या महिन्यात किती तिकिटे कोणत्या भावाने विकली गेली, हे प्रत्येक कंपनीने महिनाअखेर प्रसिद्ध करावे. आज एखाद्याला सहा हजारांत मिळालेली जागा शेजाऱ्याने चौदा हजारांना घेतली, हे फक्त दोघे बोलू लागले तर कळते. पहिल्या पानावर दाखविलेली रक्कम आणि शेवटी खात्यातून गेलेली रक्कम यांत फरक नसावा. कुटुंबाने एकाच वेळी मागितलेल्या जागा ज्या-ज्या गटात असतील त्या-त्या दराने द्याव्यात, सगळ्यांना वरच्या गटात ढकलू नये. आणि मुलांचे अर्धे भाडे परत आणावे. कंपन्यांनी ते आपणहून आणले नाही, तर मे महिना आणि दिवाळीपुरते तरी नियामकाने ते सक्तीचे करावे. त्याचा खर्च उशिरा येणाऱ्या व्यापारी प्रवाशाच्या भाड्यात विरून जाईल, कारण ज्याला किमतीची झळ बसत नाही त्याच्यावर भार टाकणे हाच या पद्धतीचा मूळ उद्देश होता. या सुधारणेस नवी विमाने लागत नाहीत, नवे विमानतळ लागत नाहीत. क्षणाक्षणाला भाव बदलू शकणाऱ्या संगणकाला एका ओळीची सूचना द्यावी लागेल; इंडियन एअरलाइन्सच्या कारकुनाने ती कार्बन लावलेल्या कागदी तिकिटावर हाताने लिहून पाळली होती.